सांद, सांधा आणि संधी

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या वस्तीत एक गोष्ट हटकून दिसते. दोन घरमालकांच्या भिंती शेजारी शेजारी उभ्या असतात, पण एकमेकींना टेकलेल्या नसतात. मध्ये हात-दीड हात जागा राहिलेली असते. तीत पागोळ्यांचे पाणी पडते, मांजरे वावरतात, मुलांचा चेंडू नेमका तेथेच जातो, आणि तो काढण्यासाठी अंगाने सर्वांत बारीक असलेल्या मुलाला आत घालावे लागते. ह्या जागेला बोळ म्हणत नाहीत. बोळातून माणसाला सरळ जाता येते. तिला सांद किंवा सांदी म्हणतात. काळाराम मंदिराजवळच्या सीतागुंफेत वाकून, अंग चोरून उतरावे लागते. ती गुंफा खरी, पण तेथे दाटीत अडकलेली एखादी आजीबाई 'कुठल्या सांदीत आणून घातलंस रे' असे नातवाला म्हणाली, तर ती शब्द चुकली असे कोणी म्हणणार नाही.

हा शब्द आपल्या बोलण्यातून अजून गेलेला नाही, पण त्याची जागा आकसत चालली आहे. वस्तू सांदीकोपऱ्यात पडते, केर सांदीत साठतो, एखादा प्रश्न किंवा एखादा माणूस 'सांदीला पडतो'. एवढे प्रयोग अद्याप कानावर येतात. बाकी बरेचसे क्षेत्र 'गॅप' ह्या पाहुण्या शब्दाने व्यापले आहे. दातांत गॅप, दोन पिढ्यांत गॅप, शिक्षणात गॅप. प्रवेशाच्या वेळी ज्याचे वर्ष वाया गेले त्याला 'गॅप सर्टिफिकेट' आणायला सांगतात, आणि हे नाव ऐकून कोणाला काही खटकतही नाही. परक्या शब्दाविषयी प्रस्तुत लेखकाची तक्रार नाही. मराठीने असे पाहुणे पुष्कळ पचवले आहेत, आणि त्यांतल्या एकाची हकीकत पुढे येणारच आहे. तक्रार एवढीच, की आपल्या घरातला जुना शब्द काय काय सांगतो आहे हे न ऐकताच त्याला सांदीला टाकण्यात आपला तोटा आहे.

मोकळ्या जागेसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. फट आहे, चीर आहे, तडा आहे, खाच आहे, दरी आहे, खिंड आहे. ह्यांतील बहुतेक शब्दांकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. फट म्हटले की फाटणे आठवते, चीर म्हटले की चिरणे, तडा म्हटले की तडकणे. दरी हा संस्कृत शब्द, त्याच्या मागे 'दॄ' म्हणजे फाडणे हा धातू उभा आहे. विदीर्ण हा त्याच घरातला. खिंड आणि खिंडार ह्यांच्यामागे खंड म्हणजे तुकडा. थोडक्यात, काहीतरी मोडले, फुटले, फाटले आणि म्हणून मोकळी जागा झाली, अशी ही कल्पना. इंग्रजीत ज्याला गॅप म्हणतात त्याचे मूळ निराळे: तो शब्द उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि आ वासण्याच्या क्रियेशी त्याचे नाते आहे. लॅटिनमधला 'हिआटस' हाही जांभई देणे, तोंड उघडणे ह्या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. म्हणजे त्यांची फट हे उघडे तोंड आहे, तर आपली फट ही मोडतोड आहे.

सांद मात्र ह्या दोन्ही पंक्तींत बसत नाही. तिचे मूळ 'संधि', आणि संधि म्हणजे जोड.

व्युत्पत्ती सरळ आहे. 'धा' म्हणजे ठेवणे. 'सम्' म्हणजे एकत्र. दोन गोष्टी एकत्र ठेवणे म्हणजे संधि. निधि, विधि, परिधि, समाधि, उपाधि हे सगळे ह्याच धातूला हाच प्रत्यय लागून झालेले. संस्कृतातून प्राकृतात आणि तेथून मराठीत येताना ह्या शब्दाची जी वाट झाली तीही नेहमीचीच आहे. अनुस्वारापूर्वीचा ऱ्हस्व स्वर मराठीत दीर्घ होतो: दन्तचा दांत, चन्द्रचा चांद, बन्धचा बांध. त्याच न्यायाने सन्धिचा सांध. आता शेवटचा 'ध' 'द' कसा झाला? मराठीला शब्दाच्या मध्ये वा शेवटी हकारयुक्त व्यंजनाचा कंटाळा आहे. हिंदी माणूस हाथ म्हणतो, आपण हात म्हणतो; त्याची भूख ती आपली भूक, त्याचे सीखना ते आपले शिकणे. स्कन्धपासून आपण खांधा न करता खांदा केला. झ्यूल ब्लॉक ह्या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवरील आपल्या 1920 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही प्रवृत्ती नोंदवली आहे. वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनी ह्या ग्रंथाचा मराठी अनुवाद 1941 मध्ये केला. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी हाताळावा.

पण गंमत पुढेच आहे. मराठीने 'द'चे रूप घेतले आणि 'ध'चेही टाकले नाही. दोन्ही ठेवली आणि त्यांच्यात कामे वाटून दिली. जेथे जोड आहे तेथे 'ध': सांधा, सांधणे, सांधेदुखी, सांधेजोड. जेथे मोकळी जागा आहे तेथे 'द': सांद, सांदी, सांदीकोपरा. ही वाटणी अगदी काटेकोर आहे असे नाही. पण प्रमाण बोलीत तिचा कल स्पष्ट आहे. एकाच आईची दोन मुले, एक भिंत जोडतो आणि दुसरा दोन भिंतींच्या मध्ये राहतो!

तेव्हा मुख्य प्रश्न असा, की 'जोड' ह्या अर्थाचा शब्द 'फट' ह्या अर्थाला कसा पोचला? विरुद्धार्थी शब्दांच्या यादीत जे समोरासमोर बसायचे ते एका शब्दाच्या पोटात कसे नांदतात?

ह्याचे उत्तर कोशात शोधण्यापेक्षा भिंतीत शोधावे. गवंड्याला विचारले तर तो चटकन सांगेल. दगडावर दगड ठेवला की तेथे जोड झाला. पण जोड झाला म्हणजे दगड एक झाले नाहीत. दोहोंमध्ये रेषा राहिली. भिंत पाण्याला कोठे दाद देते? त्या रेषेत. पिंपळाचे मूळ कोठे शिरते? त्या रेषेत. भिंत पाडायची झाली तर पहार कोठे लावतात? त्या रेषेतच. अखंड वस्तूला सांधा नसतो आणि सांद नसते. ज्याला सांधा आहे त्याला सांद आहेच.

संस्कृत वाङ्मयात ही गोष्ट एका चोराच्या तोंडून आली आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा तिसरा अंक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. मराठी रसिकांना हे नाटक गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपांतरामुळे घरचेच झाले आहे. त्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, आणि भिंतीला पाडलेल्या भोकाला तेथे शब्द आहे 'संधि'. हा शर्विलक चोर असला तरी ब्राह्मण आहे आणि चौर्यशास्त्र जाणणारा आहे. तो आधी जागा निवडतो. रोज सूर्याला दिलेल्या अर्घ्याचे पाणी पडून जेथे भिंत खारावली, झिजली आहे आणि जेथे उंदरांनी उकिरले आहे, ती जागा त्याला पसंत पडते. मग तो शास्त्र आठवतो: भाजक्या विटा असतील तर ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीचे गोळे असतील तर भिजवावेत, लाकूड असेल तर चिरावे. भोकाचे आकारही सात: उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, रुंद पसरलेला, स्वस्तिक आणि पूर्णकुंभ. भाजक्या विटांत पूर्णकुंभ शोभतो म्हणून तो करायचे ठरते. मापायचा दोरा विसरला म्हणून जानव्याने माप घेतो. नंतर चारुदत्त, ज्याच्या घरातून दुसऱ्याची ठेव गेली आहे, तो ते भगदाड पाहून आधी त्याच्या कारागिरीचे कौतुक करतो! संस्कृत नाटकात इतका निर्मळ विनोद थोडाच सापडेल.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की चोर ज्याला संधि म्हणतो तो जोड नाही, भोक आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातही रात्री संधि फोडून चोरी करणाऱ्याला काय शिक्षा करावी ते सांगितले आहे, आणि शिक्षा भयंकर आहे. तेथे 'संधि फोडणे' म्हणजे भिंतीचा जोड फोडणे. जोड फोडता फोडता फोडलेल्या जागेलाच ते नाव पडले. हिंदीत आजही घरफोडीच्या भोकाला 'सेंध' म्हणतात. तो ह्याच संधीचा नातू. मराठी चोराने तो शब्द घेतला नाही. तो 'घर फोडतो'.

हा अर्थबदल संस्कृतच्याच नशिबी आला असे समजू नये. गवंडी दगडांमधला चुना गळून गेला की पुन्हा 'दरजा भरतो'. दरज म्हणजे फट, चीर. शब्द फारसी आहे, आणि फारसीत 'दर्ज़' म्हणजे शिवण, दोन कापडे जोडलेली रेषा. त्यावरूनच कपडे शिवणारा तो दर्ज़ी. म्हणजे फारसीतून शिवण आली आणि मराठी भिंतीत फट होऊन बसली. हाच तो वर उल्लेखिलेला पाहुणा. दोन भिन्न भाषांतले, जोड ह्या अर्थाचे दोन शब्द आणि दोघांचीही वाट एकच, तेव्हा हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. (योग्यता ह्या अर्थाचा 'दर्जा' मात्र वेगळा, तो अरबी, त्याचा मूळ अर्थ पायरी.)

संधी म्हटले की विद्यार्थ्याला आधी आठवते ते व्याकरण, आणि बहुधा ते दुःखदच आठवते. स्वरसंधी, व्यंजनसंधी, विसर्गसंधी पाठ करण्यात गेलेल्या दुपारी कोण विसरेल? पाणिनी ह्याला संहिता म्हणतो आणि वर्णांची अत्यंत जवळीक अशी तिची व्याख्या करतो. 'अत्यंत जवळीक' म्हणजे किती जवळ? काशिकावृत्तीने त्याचे माप दिले आहे: अर्ध्या मात्रेएवढे अंतर. ऱ्हस्व स्वर उच्चारायला लागतो त्याच्या निम्मा वेळ. ह्यावर थोडे थांबावेसे वाटते. जोडाची व्याख्या करताना व्याकरणकारांनी अंतर शून्य धरले नाही. वर्ण एकमेकांत कितीही मिसळले तरी दोहोंच्या मध्ये अर्धी मात्रा उरतेच, असे त्यांचे मत. आपल्या वाड्यांच्या भिंतींमधली दीड हात सांद आणि पाणिनीच्या परंपरेतली अर्धी मात्रा, ह्यांत फरक मापाचाच.

दोन स्वर शेजारी आले आणि त्यांचा संधी झाला नाही तर मध्ये जी पोकळी राहते तिला प्रातिशाख्यांत विवृत्ति म्हटले आहे. संस्कृतला ही पोकळी खपत नाही. प्राकृतला तिचे काही वाटत नाही. प्राकृताने शब्दांतली व्यंजने भराभर गाळली आणि स्वर उघडे ठेवले. आपली गोदावरी 'गाहासत्तसई'त कधी 'गोआवरी' होते, कधी नुसती 'गोला'. मग त्या मोकळ्या जागा भरण्याचे काम मराठीकडे आले. 'नगर' शब्दातला ग गळाला, जागा रिकामी राहिली, तेथे हलका य उमटला आणि 'नयर' झाले. पुढे ते दोन्ही अकार मिळून 'नेर' झाले. संगमनेर, जामनेर, अंमळनेर ही गावे अशा भरून आलेल्या फटीवर वसलेली आहेत. एसटीच्या पाट्या वाचणाऱ्याला हे व्याकरण फुकट शिकता येते.

नाट्यशास्त्रातले पाच संधी, मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण, ह्यांवर येथे वेळ घालवत नाही. तो परीक्षेचा विषय आहे. शरीरातल्या संधींकडे मात्र जरा पाहिले पाहिजे. सुश्रुताने माणसाच्या अंगात 210 संधी मोजले आणि त्यांचे हलणारे व स्थिर असे दोन वर्ग केले. सांध्यातल्या स्निग्ध द्रव्याला त्याने चाकाच्या आसाला लावलेल्या तेलाची उपमा दिली आहे. आजचे शरीरशास्त्रही सांगते, की गुडघ्यासारख्या हलत्या सांध्यात हाडे एकमेकांना चिकटलेली नसतात. दोहोंमध्ये बारीक पोकळी असते आणि तीत वंगणासारखा द्रव असतो. ती पोकळी आकसली, कूर्चा झिजली, की हाड हाडावर घासते आणि मग आजोबांना काळारामाच्या पायऱ्या चढवत नाहीत. म्हणजे सांधा दुखतो तो सांद बुजल्यामुळे!

रेल्वेचेही तेच. रुळ जेथे फुटतात तेथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर घेणाऱ्या माणसाला मराठीत सांधेवाला म्हणत. आणि रुळाला रुळ जोडताना मध्ये मुद्दाम थोडी जागा सोडत, हे शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचले आहे. 13 मीटर लांबीचा पोलादी रुळ 30 अंशांनी तापला तर सुमारे साडेचार मिलिमीटर वाढतो. त्याला वाढायला जागा न दिली तर तो वाकतो. गाडीचा तो परिचित ठेका ह्या सांदींचाच होता. आता लांबच लांब रुळ वितळजोडाने सांधतात आणि ठेका बराच मावळला आहे. कवींची थोडी गैरसोय झाली, प्रवाशांची सोय झाली.

असो. जागेतली सांद पाहिली, आता काळातली. दिवस आणि रात्र ह्यांच्या जोडाला संध्या म्हणतात. प्राकृतात तिची संझा झाली, मराठीत हकार गळून सांज. मराठीत 'तिन्हीसांजा' असा जो सुंदर शब्द आहे त्यात हिशेब तीन संध्यांचा आहे, पण वापर फक्त सायंकाळपुरता. त्या वेळी उंबऱ्यावर बसू नये, झोपू नये, केर काढू नये असे घरातली वडील माणसे सांगतात. उंबरा ही आत आणि बाहेर ह्यांच्यामधली सांद, तिन्हीसांजा ही दिवस आणि रात्र ह्यांच्यामधली; दोन्ही एकाच वेळी गाठू नयेत, अशी काहीशी भीती ह्या रिवाजामागे असावी असे वाटते. पुराणांतल्या युगांनाही पुढे-मागे संध्या व संध्यांश जोडलेले आहेत: कृतयुगाची 4000 वर्षे, तर अलीकडे 400 आणि पलीकडे 400. युगालाही युग थेट भिडत नाही.

आणि येथे पंचवटीकराला विशेष जवळचा असा एक शब्द येतो: पर्वणी. सिंह राशीत गुरू आला की रामकुंडावर सिंहस्थ भरतो, वैष्णव आखाडे नाशिकला आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला स्नान करतात, आणि मुख्य स्नानाच्या दिवसांना आपण पर्वण्या म्हणतो. 2003 आणि 2015 च्या सिंहस्थांत रामकुंडाकडे येणारी गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना ह्या शब्दाचे वजन सांगायला नको. पण पर्वन् ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ स्नानही नाही आणि सणही नाही. पर्वन् म्हणजे वेताचे किंवा उसाचे पेर, कांड्यांचा सांधा, बोटाचे पेर. महाभारताची पर्वे म्हणजे ग्रंथाची पेरे. चंद्राच्या वाढीचा आणि क्षयाचा सांधा ज्या दिवशी येतो ती पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे काळाचे पेर, म्हणून ते पर्व. पर्वाच्या दिवशी स्नानदान करायचे म्हणून पर्वणी. आणि ती क्वचित येते म्हणून साध्या बोलण्यात पर्वणी म्हणजे दुर्मिळ संधी. 'त्यांचे व्याख्यान म्हणजे पर्वणीच' असे आपण लिहितो तेव्हा उसाच्या कांड्यापासून निघालेला शब्द केवढा प्रवास करून आला आहे!

संधी ह्या शब्दाने नेमका हाच प्रवास केला आहे. सांधा, मग सांध्यातली फट, मग काळातली फट, मग त्या फटीतून शिरण्याची सोय. भिंत सलग असेल तर चोराचे काही चालत नाही, आणि दिवस सलग असतील तर सामान्य माणसाचेही फारसे चालत नाही. कोठे तरी सैल जागा सापडावी लागते. म्हणून मराठीत संधी 'साधतात', 'गाठतात', ती 'हुकते', 'दवडली' जाते. ही सगळी क्रियापदे टपून बसलेल्या माणसाची आहेत. संधिसाधू हा शब्द शिवीसारखा वापरतात, त्यात शर्विलकाचा अंश राहिलेला आहे. (लिहिताना संधी दीर्घ, समासात संधिसाधू, संधिवात, संधिप्रकाश ऱ्हस्व, उत्तरपत्रिकांत ह्याचे हाल पाहवत नाहीत.) लिंगही बदललेले आहे. संस्कृतात संधि पुल्लिंगी, आपल्या जुन्या व्याकरणांतही 'तो संधी' असा प्रयोग आढळतो. पण दैवाने येणारी ती स्त्रीलिंगी.

हा 'सुयोग' ह्या अर्थाचा संधी शब्द मराठीत जितका रुळला तितका हिंदीत नाही. हिंदीत संधि म्हणजे मुख्यत्वे तह. संस्कृत राजनीतीत संधि आणि विग्रह ही जोडी सहा गुणांत प्रथम येते. समुद्रगुप्ताची अलाहाबाद येथील प्रशस्ती रचणारा हरिषेण हा सांधिविग्रहिक, म्हणजे तह आणि युद्ध ह्यांचा अधिकारी होता. हिंदीने तो अर्थ सांभाळला, आणि म्हणून 1665 चा पुरंदरचा तह हिंदी इतिहासात 'पुरंदर की संधि' असतो. मराठी मुलाने ते अक्षरशः वाचले तर मिर्झाराजाने महाराजांना फार चांगली संधी दिली असा त्याचा समज व्हायचा!

ह्या दोन अर्थांची, तह आणि सुयोग ह्यांची, पंचवटीत एकदा गाठ पडली आहे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी नाशिकची बाजू सांभाळत होते. देवळाचे दरवाजे बंद करण्यात आले. पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया चारही दरवाजांवर बसल्या. 9 एप्रिलला रामनवमीच्या उत्सवातली रथयात्रा होती. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढावा असा समेट ठरला. जुन्या भाषेत सांगायचे तर संधि झाला. प्रत्यक्षात सत्याग्रही दोराला हात लावण्याच्या आत रथ पळवण्यात आला, एका अरुंद वाटेत नेण्यात आला आणि दगडफेक झाली. संधि त्याच दिवशी फुटला. सत्याग्रह त्यानंतर काही वर्षे चालला. दरवाजा उघडला नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी ह्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

ज्यांना गावाच्या कडेला, अक्षरशः सांदीला ठेवले होते त्यांच्या दृष्टीने संधी ह्या शब्दाचा अर्थ टपून बसून साधायची फट असा नव्हता. भिंत इतरांची, दरवाजा इतरांचा, आणि आत शिरण्याची सैल जागा शोधत बसणे हे काम चोराचे. हे लोक उजेडी, समोरच्या दरवाजाशी बसले होते. पुढे घटना समितीने 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान स्वीकारले. त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. उद्देशिकेत नागरिकांना ज्या गोष्टींची समानता द्यायची तीत दोन गोष्टी आहेत, आणि संविधानाच्या मराठी पाठात त्यांसाठी शब्द आहेत दर्जा आणि संधी. हिंदी पाठात तेथे 'अवसर' आहे. मराठीत संधी आल्यामुळे त्या शब्दाचे व्याकरणच पालटले. आता संधी साधण्याची नव्हे, तर देण्याची आणि मिळण्याची गोष्ट झाली. 'समान संधी' हा प्रयोग जुन्या मराठी माणसाला कळलाच नसता, कारण फट काही सर्वांना सारखी मिळत नाही. सेवायोजनाच्या जाहिरातीत, शिष्यवृत्तीच्या अर्जात आपण आज हा शब्द सहज वाचतो तो ह्या नव्या अर्थाने.

शिक्षणात ज्याचे वर्ष गेले त्याला आपण 'खंड पडला' म्हणतो, म्हणजे तुकडा पडला, मोडले. द्राक्षाच्या हंगामात घरच्यांबरोबर कामाला गेलेला मुलगा किंवा लग्नानंतर चार वर्षांनी पुन्हा नाव घालणारी मुलगी ह्यांच्या बाबतीत काही मोडले आहे असे म्हणावे की दोन कांड्यांमध्ये एक पेर आले आहे असे म्हणावे, हे शब्द निवडणाऱ्यावर आहे. दाखल्यावर मात्र अजून गॅपच छापलेले असते.

शेवटी एक विनंती. आपल्या महाविद्यालयात बागलाणकडून अहिराणी बोलणारे आणि सुरगाणा-पेठकडून कोकणा बोलणारे विद्यार्थी येतात. अकोले तालुक्यात साम्रदजवळ सह्याद्रीत उभी चिरलेली जी अरुंद दरी आहे तिला सांदण म्हणतात. अशी आणखी स्थळनावे डोंगराकडच्या गावांत असणारच. दोन भिंतींमधल्या जागेला, खडकाच्या फटीला, नांगराच्या किंवा घराच्या लाकडी जोडाला तुमच्याकडे काय म्हणतात, आणि त्यात 'द' ऐकू येतो की 'ध', हे गावाच्या नावासह लिहून मराठी विभागात आणून द्यावे. उच्चार घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाचा घ्यावा.